महाविद्यालयातील संगणकांवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या महाविद्यालयात लोहा, कंधार, पालम, अहमदपूर या भागांतल्या खेड्यापाड्यांतून विद्यार्थी येतात. त्यांपैकी बऱ्याच जणांना स्वतः हाताळायला मिळणारा पहिला संगणक हा प्रयोगशाळेतलाच असतो आणि पदवी हाती पडेपर्यंत अनेकदा तोच एकमेव राहतो. त्यामुळे येत्या उन्हाळी सुट्टीत प्रयोगशाळा, ग्रंथालय व कार्यालय येथील संगणकांवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम (संगणक चालवणारी मूळ प्रणाली) बसवण्याचे काम हाती घेताना विद्यार्थी, प्राध्यापक आणि कार्यालयीन कर्मचारी यांनी संगणक विभागाकडे विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

संगणक व्यवस्थित चालू आहेत, मग ऑपरेटिंग सिस्टीम बदलण्याची गरज काय?

आपल्या बहुतेक संगणकांवर विंडोज १० आहे. ही आवृत्ती २९ जुलै २०१५ रोजी आली आणि तिचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सपोर्ट संपला म्हणजे संगणक बंद पडत नाही, तो पूर्वीसारखाच सुरू होतो आणि म्हणूनच धोका लक्षात येत नाही. बदलते ते एवढेच की, त्या प्रणालीत यापुढे जी सुरक्षाविषयक त्रुटी सापडेल ती दुरुस्त करणारा अपडेट नियमित मार्गाने मिळत नाही. घरी एकट्या वापरल्या जाणाऱ्या संगणकापेक्षा आपली परिस्थिती अधिक नाजूक आहे, कारण येथे एकाच जाळ्यावर विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या नोंदी, शुल्काच्या पावत्या, ग्रंथालयाची देवघेव आणि दिवसभरात शेकडो पेनड्राइव्ह लावले जाणारे प्रयोगशाळेतील संगणक आहेत. यांतल्या एका संगणकातून शिरलेला व्हायरस कार्यालयापर्यंत पोहोचायला फार वेळ लागत नाही.

सपोर्ट पैसे भरून वाढवता येतो असे ऐकले. तसे का करत नाही?

काही संगणकांसाठी आपण तेच करणार आहोत. मायक्रोसॉफ्टने शैक्षणिक संस्थांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटचा दर प्रति संगणक पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २ डॉलर आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर असा ठेवला आहे. ही सोय जास्तीत जास्त तीन वर्षांची, म्हणजे ऑक्टोबर २०२८ पर्यंतची आहे. ज्या संगणकावर केवळ विंडोजवर चालणारे सॉफ्टवेअर आवश्यक आहे, पण ज्याच्यावर विंडोज ११ बसू शकत नाही, त्याच्यासाठी हा मार्ग योग्य आहे. सर्व संगणकांसाठी तो स्वीकारला तर आज करायचे काम तीन वर्षांनी करावे लागेल आणि तोवर यंत्रे आणखी जुनी झालेली असतील.

कोणत्या संगणकावर काय बसवले जाणार, हे कसे ठरवले?

यंत्राची क्षमता आणि त्यावर होणारे काम, या दोन्हींचा विचार करून ठरवले. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूटची सोय असलेले यूईएफआय (संगणक सुरू करणारी मूळ व्यवस्था), टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि मान्यताप्राप्त प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे कोअर प्रोसेसर या यादीत येतात. प्रोसेसरची पिढी त्याच्या क्रमांकावरून ओळखता येते: 'आय-३ ४१३०' हा चौथ्या पिढीचा आणि 'आय-५ ८४००' हा आठव्या पिढीचा.

यानुसार आठव्या व त्यापुढच्या पिढीच्या संगणकांवर विंडोज ११ राहील. चौथ्या ते सातव्या पिढीच्या प्रयोगशाळेतील संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम बसवली जाईल. वाणिज्य प्रयोगशाळा व कार्यालयातील ठरावीक संगणक, त्यांचे वय काहीही असले तरी, विंडोजवरच राहतील. त्याचे कारण पुढे दिले आहे.

माझ्या विभागातील संगणक टीपीएम नाही असे दाखवतो, पण तो नवा आहे. असे कसे?

अनेक यंत्रांत ही सोय असते, पण बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेली असते. इंटेलच्या मदरबोर्डवर ती 'पीटीटी' आणि एएमडीच्या मदरबोर्डवर 'एफटीपीएम' या नावाने आढळते. ती सुरू केल्यावर बहुधा प्रश्न सुटतो. मात्र बायोसमधील बदल विभागातील कोणीही परस्पर करू नयेत, तशी लेखी सूचना संगणक विभागाकडे द्यावी.

टीपीएमची अट वगळून जुन्या संगणकावरही विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या व्हिडिओत दाखवतात. त्या का वापरू नयेत?

अशा पद्धतीने विंडोज ११ बसते हे खरे आहे. परंतु तशा यंत्राला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि ज्या अपडेटसाठी हा सारा खटाटोप आहे त्यांचीच खात्री नसेल तर बदल करण्यात अर्थ उरत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून काही फार जुने प्रोसेसर तर कोणत्याही युक्तीने चालत नाहीत, कारण त्या प्रणालीला लागणाऱ्या सूचनाच (इन्स्ट्रक्शन) त्या प्रोसेसरमध्ये नाहीत. स्वतःच्या यंत्रावर एखाद्याने प्रयोग म्हणून हे जरूर करावे. पण ऐन प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी प्रयोगशाळा सुरू होईल की नाही ही धास्ती विद्यार्थ्यांवर लादणे आम्हाला मान्य नाही.

याच कारणाने बाजारात फिरणाऱ्या 'क्रॅक' (विनापरवाना) प्रतीही कोणत्याही संगणकावर चालवल्या जाणार नाहीत. ॲक्टिव्हेशन करून देणाऱ्या त्या छोट्या प्रोग्रॅमसाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगितले जाते, आणि अँटिव्हायरस बंद असताना त्या प्रोग्रॅमबरोबर आणखी काय आत आले हे नंतर कळायला मार्ग नसतो.

लिनक्सच्या इतक्या आवृत्त्या असताना मिंटच का निवडले?

लिनक्स मिंट २२ हे उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर आधारलेले आहे आणि त्याचे सुरक्षा अपडेट २०२९ पर्यंत मिळणार आहेत. परवान्यासाठी पैसे लागत नाहीत आणि विद्यार्थ्याला त्याची प्रत घरी नेऊन स्वतःच्या संगणकावर कायदेशीरपणे बसवता येते. डाव्या कोपऱ्यातला मेनू, खालची पट्टी आणि खिडक्या बंद-चालू करण्याची पद्धत ही विंडोजची सवय असलेल्यांना ओळखीची वाटते. आपण त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घेतली आहे, कारण प्रयोगशाळेतील बऱ्याच यंत्रांत ४ जीबीच रॅम आहे.

सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने तयार केलेल्या बॉस या भारतीय लिनक्सचाही विचार झाला होता. ते डेबियन या लिनक्सवर आधारलेले आहे आणि भारतीय भाषांसाठी त्यात चांगल्या सोयी आहेत. तरीही मदत शोधताना विद्यार्थ्याला उबुंटू व मिंटविषयी सर्वाधिक साहित्य सहज सापडते, आणि मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्स व लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलसारखी कामे करणारे मोफत सॉफ्टवेअर) शिकवणारे मराठी पाठही उपलब्ध आहेत, म्हणून मिंटला पसंती दिली.

माझ्या फाइल्सचे काय होईल?

लिनक्स बसवायच्या प्रत्येक यंत्रात जुनी हार्ड डिस्क काढून नवी एसएसडी (वेगवान साठवण) लावली जाणार आहे. जुन्या यंत्राचा वेग वाढवण्यासाठी याहून परिणामकारक दुसरा उपाय नाही. शिवाय त्यामुळे जुनी डिस्क जशीच्या तशी बाजूला राहते. त्या डिस्कवर यंत्राचा डेड स्टॉक क्रमांक (संस्थेच्या मालमत्ता नोंदवहीतील क्रमांक) लिहून ती पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या अखेरपर्यंत कपाटात ठेवली जाईल.

तरीसुद्धा प्रत्येकाने आपल्या फाइल्सची प्रत स्वतः काढून ठेवावी, ही आमची आग्रहाची विनंती आहे. जुन्या डिस्क कधी बंद पडतील सांगता येत नाही, आणि काढून ठेवलेली डिस्क पुन्हा लावल्यावर चालू होईलच असे गृहीत धरू नये. प्रत दोन वेगळ्या ठिकाणी असावी: एक विभागाच्या सर्व्हरवरील आपल्या फोल्डरमध्ये आणि दुसरी स्वतःच्या पेनड्राइव्हवर, डिस्कवर किंवा ईमेलच्या साठवणीत. प्रत काढल्यावर त्यातल्या चार-दोन फाइल्स दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. केवळ 'माय डॉक्युमेंट्स' तपासून थांबू नये, कारण बहुतेकांचे काम डेस्कटॉपवर, डाउनलोड्समध्ये किंवा 'डी' ड्राइव्हवरील 'न्यू फोल्डर'मध्ये असते. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्कही आठवणीने काढून घ्यावेत. संशोधक विद्यार्थ्यांनी प्रबंधाची प्रकरणे आणि सर्वेक्षणाच्या मूळ नोंदी या दोन्हींची प्रत काढून तसे मार्गदर्शकांना कळवावे.

माझ्या जुन्या मराठी फाइल्स नव्या संगणकावर गिचमिड इंग्रजी अक्षरांत दिसतात. त्या खराब झाल्या का?

नाही. हा प्रश्न मराठी विभाग, कार्यालय आणि ग्रंथालय या तिन्ही ठिकाणांहून आला आहे आणि तो महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

युनिकोड (प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा ठरावीक संकेत देणारी पद्धत) रुळण्यापूर्वी मराठी मजकूर शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फाँटमध्ये टंकला जात असे. त्या फाँटमध्ये फाइलीत प्रत्यक्ष साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरांची किंवा चिन्हांची संकेतस्थाने. फाँट त्यांच्या जागी देवनागरीची चित्रे दाखवतो. म्हणून तो फाँट नसलेल्या संगणकावर, मग तो लिनक्सचा असो वा नव्या विंडोजचा, मूळ चिन्हे उघडी पडतात. मजकूर शाबूत असतो.

यावर तात्पुरता उपाय म्हणजे तो फाँट नव्या संगणकावर बसवणे. ज्या फाँटचा परवाना संस्थेकडे आहे ते आपण बसवून देऊ. कायमचा उपाय मात्र मजकूर युनिकोडमध्ये आणणे हाच आहे, कारण जुन्या फाँटमधील मजकुरात 'परभणी' हा शब्द शोधला तर तो संगणकाला सापडत नाही, त्याच्या दृष्टीने तेथे परभणी नाहीच. रूपांतराची साधने उपलब्ध आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. ऱ्हस्व इकार अक्षराच्या पुढे किंवा मागे सरकतो, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, 'श्र' आणि 'क्ष' फुटतात, आकडे कधी इंग्रजी तर कधी देवनागरी होतात. म्हणून रूपांतरानंतर मूळ छापील प्रतीशी ताडून वाचन करणे अनिवार्य आहे. सेवापुस्तके, सभांची इतिवृत्ते आणि मूल्यांकनाची कागदपत्रे यांच्या बाबतीत रूपांतरित फाइलीबरोबर मूळ फाइल आणि तिची पीडीएफ अशा तिन्ही प्रती ठेवाव्यात. गेल्या पंचवीस-तीस वर्षांतील नियतकालिकांचे अंक, शोधनिबंध आणि स्थानिक इतिहासाच्या नोंदी याच जुन्या फाँटमध्ये अडकलेल्या आहेत. संगणक बदलण्याच्या निमित्ताने त्या सोडवून घेता आल्या तर पुढच्या अभ्यासकांचे मोठे काम होईल, असे आम्हाला मनापासून वाटते.

लिनक्सवर मराठी कशी टंकावी?

सर्व लिनक्स संगणकांवर इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन मराठी कीबोर्ड बसवलेले असतील आणि खालच्या पट्टीवरून ते बदलता येतील. सवय नसेल तरी इनस्क्रिप्ट शिकावा, असे आम्ही सुचवतो. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, तर व्यंजने प्रामुख्याने उजव्या हाताला येतात. ही मांडणी भारत सरकारने प्रमाण मानलेली असून ती विंडोज, लिनक्स आणि इतर भारतीय भाषांसाठीही सारखीच आहे.

एक अडचण जवळजवळ प्रत्येकाला येते. 'येणाऱ्या', 'सुधारणाऱ्या', 'दऱ्या' यांतला अर्धा र कसा आणावा? इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून 'जे' दाबले की 'ऱ' येतो. त्यानंतर 'डी' दाबून हलंत द्यावा आणि मग तिरप्या रेघेच्या बटणाने 'य' आणावा. शिफ्ट न धरता साधा 'र' घेतला तर 'दऱ्या'चे 'दर्या' होते आणि अर्थच बदलतो.

शासनाच्या संगणक टंकलेखन परीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठी ग्रंथालयातील काही संगणक पूर्वीच्याच मांडणीसह विंडोजवर ठेवले आहेत.

माझी सादरीकरणे आणि वर्डच्या फाइल्स लिबरऑफिसमध्ये नीट उघडतील का?

साधा मजकूर, तक्ते आणि चित्रे असलेल्या फाइल्स व्यवस्थित उघडतात. फरक पडतो तो प्रामुख्याने फाँटमुळे. मंगल आणि निर्मला यूआय हे विंडोजचे फाँट आहेत, लिनक्सवर ते नसतात. त्यांच्या जागी नोटो किंवा लोहित फाँट येतो, अक्षरांची रुंदी बदलते आणि ओळ पुढच्या पानावर सरकते. म्हणून नव्या फाइल्ससाठी मुक्ता किंवा नोटो हे मोफत फाँट वापरावेत, ते आपण दोन्ही प्रणालींवर बसवत आहोत. छपाईसाठी किंवा वर्गातील प्रोजेक्टरसाठी फाइल नेताना तिची पीडीएफ सोबत ठेवावी. एक्सेलमधील मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेल्या फाइल्स, विशेषतः निकालपत्रकांच्या, विंडोजच्या संगणकावरच वापराव्यात.

बीएस्सीच्या प्रात्यक्षिकांतील टर्बो सीचे प्रोग्रॅम चालतील का?

टर्बो सी हा विंडोजपूर्वीच्या डॉस प्रणालीच्या काळातील कंपायलर आहे आणि लिनक्सवर तो डॉसबॉक्स या प्रोग्रॅममधून चालवता येतो. ज्यांची प्रात्यक्षिक वही आधीच लिहून झाली आहे त्यांच्यासाठी ती सोय ठेवली आहे. नव्या तुकडीने मात्र जीसीसी हा लिनक्सवरील कंपायलर वापरावा. काही ठिकाणी प्रोग्रॅम बदलावे लागतील: 'कोनिओ' ही हेडर फाइल आणि पडदा पुसणारे 'क्लियरस्क्रीन' हे फंक्शन जीसीसीत नाही, 'व्हॉइड मेन' ऐवजी 'इंट मेन' लिहावे आणि जुन्या ग्राफिक्सची फंक्शन्स थेट चालत नाहीत.

उत्तरांतही फरक पडेल, याकडे विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे. टर्बो सीमध्ये 'इंट'चा आकार २ बाइट असतो, त्यामुळे त्यात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही आणि बेरीज अचानक ऋण होते. जीसीसीमध्ये आपल्या यंत्रांवर तोच आकार ४ बाइट येतो. वहीत २ लिहिलेले असेल आणि पडद्यावर ४ दिसत असेल तर गोंधळून न जाता दोन्हींचे कारण लिहावे. परीक्षकांनाही ही कल्पना आधी दिली जाईल.

पायथन, आर, क्यूजीआयएस आणि ऑक्टेव्ह लिनक्सवर उत्तम चालतात, त्यांच्याविषयी वेगळे काही सांगण्याची गरज नाही.

वाणिज्य प्रयोगशाळा आणि कार्यालय विंडोजवरच का ठेवले?

टॅलीप्राइम हे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनवलेले आहे आणि बीकॉमच्या विद्यार्थ्याला नोकरीच्या ठिकाणी तेच वापरायचे आहे. कार्यालयात डिजिटल सहीचे टोकन, बायोमेट्रिक यंत्र आणि वेतनविषयक कामे आहेत. त्यांचे ड्रायव्हर लिनक्सवर कधी चालतात, कधी नाही. महिनाअखेरीस वेतन देयक सादर करायचे असताना हा प्रयोग करण्याची वेळ कोणावरही येऊ नये. ग्रंथालयाचे 'सोल' सॉफ्टवेअरही विंडोजवरच राहील, वाचकांसाठीच्या शोधपटलाला मात्र केवळ ब्राउझर लागतो, त्यामुळे ते संगणक लिनक्सवर जातील.

झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या पेनड्राइव्हमधील सर्व फोल्डर शॉर्टकट झाले आहेत. लिनक्सवर ते उघडतील का?

बहुतेक वेळा उघडतात. या प्रकारचा व्हायरस मूळ फोल्डर पुसत नाही. त्यांना 'लपवलेले' अशी खूण करतो आणि त्यांच्या नावाने शॉर्टकट ठेवतो. फॅट स्वरूपातील पेनड्राइव्हवरची ती खूण लिनक्स मानत नाही, म्हणून तेथे मूळ फोल्डर सरळ दिसतात. कधी कधी सर्व फाइल्स नाव नसल्यासारख्या दिसणाऱ्या एका फोल्डरमध्ये हलवलेल्या असतात, तोही पाहावा. हव्या त्या फाइल्स काढून घेऊन पेनड्राइव्ह नव्याने फॉरमॅट करावा. शॉर्टकटवर मात्र विंडोजच्या संगणकावर पुन्हा क्लिक करू नये, कारण तसे केल्यानेच व्हायरस चालू होतो.

लिनक्सवर हे व्हायरस चालत नसले तरी पेनड्राइव्हमधून ते पुढच्या संगणकापर्यंत जातातच. म्हणून स्वच्छता दोन्हीकडे पाळावी.

प्रिंटर चालतील का?

बहुतेक चालतील. एचपी लेझरजेट १०२० सारख्या काही प्रिंटरना प्रत्येक वेळी चालू झाल्यावर संगणकाकडून फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्रॅम) घ्यावे लागते. त्यासाठी एचपीलिप या सॉफ्टवेअरबरोबर कंपनीचे एक प्लगइन बसवावे लागते आणि ते आम्ही बसवून देणार आहोत. जे प्रिंटर चाचणीत चालणार नाहीत ते विंडोजच्या संगणकाला जोडून जाळ्यावर सामायिक केले जातील.

काम कधी होणार आणि प्रयोगशाळा किती काळ बंद राहील?

विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा पूर्ण झाल्याखेरीज एकाही यंत्राला हात लावला जाणार नाही. त्यानंतर एका वेळी एकच प्रयोगशाळा घेतली जाईल आणि उरलेल्या सुरू राहतील.

काम सकाळच्या वेळात होईल. मे महिन्यात आपल्याकडे तापमान बेचाळीस अंशांपुढे जाते, दुपारी व्होल्टेज खाली-वर होते आणि वीज जाण्याची शक्यता वाढते. ऑपरेटिंग सिस्टीम बसत असताना वीज गेली तर रिकाम्या एसएसडीच्या बाबतीत पुन्हा सुरुवात करावी लागते, इतकेच. परंतु माहिती असलेल्या डिस्कचे विभाजन बदलत असताना वीज गेली तर ती माहिती कायमची जाऊ शकते. म्हणून यूपीएसच्या बॅटऱ्या आधी तपासल्या जातील. अर्थिंगचीही तपासणी होईल. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यातील माती कोरडी पडली की त्याचा रोध वाढतो, संगणकाच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात आणि रॅम व मदरबोर्ड विनाकारण बिघडतात. शिपाईमामांना आमची विनंती आहे की, खड्ड्यात ठरलेल्या दिवशी पाणी टाकण्यात खंड पडू देऊ नये. हे काम सॉफ्टवेअर बसवण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

प्रत्येक यंत्र उघडल्यावर आतली धूळ ब्लोअरने काढली जाईल आणि मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची सीआर २०३२ बॅटरी बदलली जाईल. ती संपलेली असली की संगणकाची तारीख मागे जाते, मग ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित असल्याचे सांगतो आणि अपडेटही अडतात. 'इंटरनेट चालत नाही' अशी तक्रार आल्यावर सर्वप्रथम तारीख पाहावी.

प्रत्येक संगणकावर वेगवेगळी प्रणाली बसवत बसणार का?

नाही. एक संगणक सर्व सॉफ्टवेअर, फाँट, कीबोर्ड आणि प्रिंटरसह पूर्ण तयार करून दोन आठवडे वापरून पाहिला जाईल. त्याची प्रतिमा, म्हणजे डिस्कची तंतोतंत प्रत, क्लोनझिला या सॉफ्टवेअरने घेऊन इतर यंत्रांवर उतरवली जाईल. प्रत उतरल्यावर प्रत्येक यंत्राचे नाव आणि अंतर्गत ओळख क्रमांक बदलला जाईल, कारण दोन यंत्रांची ओळख सारखी राहिली तर जाळ्यावर गोंधळ होतो. पुढील अपडेटसाठी विभागाच्या सर्व्हरवर साठवण ठेवली आहे: एखादा अपडेट इंटरनेटवरून एकदाच उतरेल आणि बाकीचे संगणक तो तेथून घेतील. आपल्या जोडणीचा वेग पाहता याशिवाय गत्यंतर नाही.

प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना प्रशासक पासवर्ड का देत नाही?

यामागे अविश्वास नाही. एका तासिकेला केलेला बदल पुढच्या तासिकेला बसणाऱ्या विद्यार्थ्याला भोगावा लागतो. एखादे सॉफ्टवेअर हवे असल्यास आठवडाभर आधी कळवावे, ते सर्व यंत्रांवर एकदमच बसवले जाईल. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मात्र प्रशासक म्हणून काम शिकता यावे यासाठी काही यंत्रे वेगळी ठेवली आहेत. त्यांवर त्यांनी मनसोक्त प्रयोग करावेत आणि बिघडले तर प्रतिमेवरून पुन्हा उभे करायलाही त्यांनीच शिकावे.

दृष्टिबाधित विद्यार्थ्यांची काय सोय आहे?

जे विद्यार्थी विंडोजवर एनव्हीडीए हे पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर (स्क्रीन रीडर) वापरायला शिकले आहेत, त्यांच्यासाठी ग्रंथालयातील विंडोज ११ चे संगणक राखीव आहेत आणि त्यांवर ईस्पीकचा मराठी आवाज बसवलेला आहे. लिनक्सवर ऑर्का हे स्क्रीन रीडर मिळते. ते ज्यांना शिकायचे आहे त्यांना शिकवू, पण अंगवळणी पडलेले साधन आम्ही कोणाच्याही हातून काढून घेणार नाही.

मला माझ्या लॅपटॉपवर विंडोजबरोबरच लिनक्स बसवायचे आहे. मदत मिळेल का?

मिळेल, परंतु त्याआधी तीन गोष्टी करून याव्यात. सर्व माहितीची प्रत काढावी. लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते पाहून, चालू असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. नव्या लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन अनेकदा आपोआप चालू झालेले असते, आणि बायोसमध्ये बदल केल्यावर विंडोजने की मागितली व ती हाताशी नसली तर डिस्कवरील माहिती कोणालाही परत मिळवून देता येत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे घरच्यांशी बोलून यावे, कारण कर्ज काढून घेतलेल्या लॅपटॉपवर पालकांचीही चिंता असते. प्रत्यक्ष बसवण्याआधी पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसते चालवून वायफाय, आवाज आणि टचपॅड तपासता येते, ते प्रथम करू.

नव्या प्रणालीवर माझे काम अडले तर?

त्या यंत्राचा डेड स्टॉक क्रमांक, काय करत होतात आणि पडद्यावर नेमका कोणता संदेश आला, हे प्रयोगशाळेतील नोंदवहीत लिहावे. शक्य असल्यास मोबाइलवर पडद्याचे छायाचित्र घ्यावे. 'संगणक चालत नाही' एवढ्या नोंदीवरून दोष शोधणे कठीण जाते. अडचण तातडीची असेल तर जवळच्या विंडोज संगणकावर काम पूर्ण करून द्यावे, आणि एखाद्या विभागाचे काम खरोखरच लिनक्सवर होत नसेल तर त्यांची जुनी डिस्क परत लावून त्या यंत्रासाठी वाढीव अपडेट घेतले जातील.

ज्या संगणकांवर काहीच चालणार नाही त्यांचे काय करणार?

२ जीबी रॅमची आणि रॅम वाढवण्याची सोय नसलेली मोजकी यंत्रे वापरातून काढावी लागतील. त्यांतील चालू कीबोर्ड, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा भाग) आणि मॉनिटर काढून ठेवू. एक-दोन यंत्रे हार्डवेअरच्या प्रात्यक्षिकासाठी उघडी ठेवली जातील. उरलेल्यांचे डेड स्टॉक रजिस्टरमधून रीतसर निर्लेखन होईल. त्यांच्या डिस्क पूर्णपणे पुसल्या जातील किंवा भोके पाडून निकामी केल्या जातील, कारण त्यांत विद्यार्थ्यांचे पत्ते, आधार क्रमांक आणि बँक खाती आहेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार हा माल नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्यावा लागतो, भंगारवाल्याला विकता येत नाही. त्याची पावती कार्यालयाच्या फाइलीला लावली जाईल.